लग्नाच्या नोंदणीत ज्याला प्रोग्रॅमर म्हणून लिहू दिलं नाही, तो माणूस आज तुमच्या मोबाईलच्या पोटात आहे

साल १९५७, ठिकाण ॲमस्टरडॅम. एक तरुण लग्नाची नोंद करायला गेला. कागदावर व्यवसायाचा रकाना होता, तिथे त्याने प्रोग्रॅमर असं सांगितलं. अधिकाऱ्यांनी ते लिहून घ्यायला नकार दिला, कारण असा कुठला धंदाच नसतो. शेवटी त्या रकान्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहिलं गेलं आणि लग्न पार पडलं.

त्या तरुणाचं नाव एड्सगर डाइक्स्ट्रा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पोराला विचारा, हे नाव त्याने परीक्षेत एकदा तरी लिहिलेलं असतंच. बहुतेकांना ते आठवतं सर्वात जवळचा रस्ता शोधण्याच्या पद्धतीमुळे. अंबाजोगाईहून पुण्याला केज-मांजरसुंब्याकडून जायचं की कळंब-बार्शीकडून, हे ठरवणाऱ्या ॲपच्या मुळाशी त्यांचाच विचार आहे. १९५६ मध्ये होणाऱ्या बायकोसोबत खरेदीला गेले असताना एका कॅफेत बसून त्यांनी ती पद्धत २० मिनिटांत डोक्यातल्या डोक्यात मांडली. कागद नाही, पेन्सिल नाही.

पण त्यांचं खरं मोठं काम वेगळंच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. पोराला कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचं प्रतिनिधित्व करायचं होतं, पण विज्ञानातले मार्क बघून तो लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळला. १९५१ मध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स झाला आणि १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये नोकरी सुरू झाली.

तिथे त्यांच्यासमोर एक्स-१ नावाचं मशीन आलं. या मशीनमध्ये इंटरप्ट होता, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून बाहेरचं एखादं यंत्र कॉम्प्युटरला हाक मारू शकायचं. हे ऐकून डाइक्स्ट्रा आधी घाबरलेच होते. हाक नेमकी कधी येईल याचा नेम नाही, म्हणजे तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तरी दोन वेळा वेगळा वागू शकतो. मग चूक शोधायची कशी? याच विषयावर त्यांनी १९५९ मध्ये पीएचडी केली.

भीती नेमकी कशाची होती ते एका उदाहरणातून बघू. समजा अंबाजोगाई-पुणे एसटीत एकच सीट उरलीय. बसस्थानकावरच्या खिडकीतून एकाने बुकिंग सुरू केलं, त्याच क्षणी दुसऱ्याने मोबाईलवरून. कॉम्प्युटरला तीन कामं करायची असतात : शिल्लक आकडा वाचायचा, त्यातून एक वजा करायचा, नवा आकडा लिहायचा. पहिल्याने १ वाचला. तो लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही १ वाचला. दोघांनी वजाबाकी केली, दोघांनी शून्य लिहिला, दोघांच्या हातात तिकीट आलं. सीट एक, माणसं दोन. भांडण कंडक्टरच्या गळ्यात.

यावर उपाय म्हणजे वाचणं, वजा करणं आणि लिहिणं या तिन्हींच्या मध्ये कुणालाच घुसता येऊ नये. ही कृती अखंड, एका घासात झाली पाहिजे. कॉम्प्युटरच्या भाषेत हिलाच ॲटॉमिक म्हणतात. दोन प्रोग्रॅमपुरतं उत्तर डेकर नावाच्या डच गणितज्ञाने काढलं होतं. कितीही प्रोग्रॅम असले तरी चालेल असं उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये छापलं. लेख जेमतेम एका पानाचा.

त्याच काळात त्यांनी सेमाफोर काढला. हा शब्द चक्क रेल्वेतून उचललेला आहे. अंबाजोगाई शहरात रेल्वे नाही, पण तालुक्यातल्या घाटनांदूरला स्टेशन आहे, पुढे परळी. एकेरी रुळाचा नियम साधा असतो : पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर सिग्नलचा हात आडवाच राहणार, दुसरी गाडी थांबणार. आतली गाडी बाहेर पडली की हात खाली. डाइक्स्ट्रा यांनी हाच हात मेमरीत बसवला. आत जाताना एक क्रिया, बाहेर पडताना एक क्रिया, दोन्ही अखंड. डच शब्दांवरून त्यांना पी आणि व्ही अशी नावं पडली आणि जगभरची पोरं ती अर्थ न कळता पाठ करतात.

त्याआधीचा एक किस्सा. एक्स-१ साठी अल्गोल ६० भाषेचा कंपायलर लिहायला डाइक्स्ट्रा आणि याप झोनेफेल्ड बसले, तेव्हा काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असं ठरलं. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालला. झोनेफेल्ड यांनी लगेच दाढी केली. डाइक्स्ट्रा यांनी ती आयुष्यभर ठेवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. तिथे सहा जणांच्या टीमने एक ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. एकावर एक थर, आणि प्रत्येक थर बरोबर आहे हे आधी तर्काने पटवून घ्यायचं, मगच वरचा रचायचा. चालवून बघितलं आणि चाललं, म्हणजे बरोबर आहे, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. चाचणीत चूक सापडू शकते, पण चूक नाहीच हे चाचणीने सिद्ध होत नाही, हा त्यांचा आग्रह. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हा आग्रह पुस्तकी वाटत असेल तर थेरॅक-२५ बघा. कॅन्सरवर रेडिएशन देणारं हे मशीन. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर डोस दिला, त्यात काहींचे जीव गेले. चौकशीत सॉफ्टवेअरच्या इतर दोषांबरोबर हेही निघालं, की सामाईक आकडा तपासणं आणि बदलणं या क्रिया अखंड नव्हत्या. डाइक्स्ट्रा यांचा लेख छापून तेव्हा वीस वर्षं झाली होती.

आता यात कंपायलर काय करत असतो? तो वॉर्निंग देतो : हा व्हेरिएबल कधी भरलाच नाही, इथे प्रकार जुळत नाही. पण दोन प्रोसेसर एकाच वेळी त्याच आकड्याला हात घालतायत, हे त्याला बहुतेक वेळा दिसत नाही. उलट तो गृहीत धरतो की आकडा दुसरं कुणी बदलणार नाही, म्हणून एकदाच वाचून बाजूला ठेवतो आणि जुनीच किंमत वापरत बसतो. प्रोसेसरही वेग वाढवायला वाचण्या-लिहिण्याचा क्रम बदलतो. त्यामुळे १९६५ चं ते उत्तर आज सी भाषेत जसंच्या तसं उतरवलं, तर एकही वॉर्निंग न येता कंपाईल होईल आणि तरी चुकेल. डाइक्स्ट्रा यांनी धरलेला साधा क्रम आजच्या मशीनवर आपोआप मिळत नाही.

म्हणून लिनक्स कर्नलमध्ये रीड वन्स आणि राइट वन्स अशा खुणा कोडमध्ये लिहाव्या लागतात. इथे शॉर्टकट मारू नको, हे त्यातून कंपायलरला सांगितलं जातं. २०२० मध्ये तर कर्नलमध्ये केसीसॅन नावाचं साधन आलं. सिस्टिम चालू असताना अशा टकरी पकडणं एवढंच त्याचं काम. अँड्रॉइड याच कर्नलवर चालतं.

डाइक्स्ट्रा स्वभावाने गोड होते असं मात्र नाही. न आवडलेल्या प्रोग्रॅमिंग भाषांना त्यांनी अशा शब्दांत झोडपलं की कित्येक जण कायमचे दुखावले. स्वतः मात्र कॉम्प्युटर जवळपास वापरायचेच नाहीत. फाउंटन पेनने लिहायचे, पानांना नंबर द्यायचे आणि झेरॉक्स काढून ओळखीच्यांना पाठवायचे. अशी टिपणं तेराशेच्या वर भरली.

१९८४ मध्ये ते ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले. तिथे फोक्सवॅगन गाडी घेऊन बायकोबरोबर नॅशनल पार्क पालथी घातली. गाडीचं नाव होतं टूरिंग मशीन; ट्युरिंग मशीनवरचा विनोद. १९९९ मध्ये निवृत्त झाले, मग कॅन्सर झाला. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी ते गेले. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमवरच्या संशोधनाला दिला जाणारा एक मोठा पुरस्कार पुढच्याच वर्षीपासून त्यांच्या नावाने दिला जाऊ लागला.