खेड्यातला संपादक : मुकुंदराव पाटील

वर्तमानपत्र म्हटले की पुण्या-मुंबईची मोठी कचेरी, धडधडणारी यंत्रे आणि धावपळ करणारे बातमीदार डोळ्यांपुढे उभे राहतात. पण याच महाराष्ट्रात एका संपादकाने तब्बल ५७ वर्षे आपले पत्र खेड्यातून चालविले. त्या ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटलांचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

मुकुंदरावांचा जन्म १८८५ सालचा. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर हे महात्मा फुल्यांचे सहकारी. शेतकरी-कामकऱ्यांची बाजू मांडण्यासाठी त्यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. परंतु पैशाच्या ओढगस्तीमुळे १८८० मध्ये तो मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेला. असे पत्र चालविण्याची किंमत काय असते, हे मुकुंदरावांच्या घरातच लिहिलेले होते! पुढे ते तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले.

१९१० साली भालेकर निवर्तले आणि त्याच वर्षी पंचविशीतल्या मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ सुरू केला. तोही शहरात नव्हे, तर अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यात. लवकरच छापखाना नेवासे तालुक्यातील तरवडीला आला. खेड्यात ना जाहिराती, ना शिकलेला वाचकवर्ग. एकेक खिळा हाताने जुळवायचा, अंक छापायचे आणि टपालाने रवाना करायचे. वर्गणी मागायची ती कुणाकडे? तर पाऊस पडला तरच हाती पैसा येणाऱ्या शेतकऱ्याकडे!

तरीही त्यांनी गाव सोडले नाही. ज्यांचे गाऱ्हाणे मांडायचे, त्यांच्यातच ते राहिले. म्हणूनच त्यांच्या लेखणीत बांधावरची भाषा उतरली. सावकारी, अंधश्रद्धा, जातिभेद यांवर त्यांनी उपरोधाचे आसूड ओढले. गावकामगारांच्या जाचावर ‘कुलकर्णी लीलामृत’ हे ओवीबद्ध काव्य त्यांनी लिहिले. पुढे १९१८ साली छत्रपती शाहूंनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनेच रद्द केली. मुकुंदरावांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवले होते, ते किती खरे होते हे यावरून दिसते.

सत्यशोधक विचाराचा हा झरा आपल्या बुलढाणा जिल्ह्यालाही परका नाही. महात्मा फुल्यांचे चरित्र १९२७ साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील हे आपल्या चिखलीचेच.

१९६७ मध्ये मुकुंदराव गेले आणि ‘दीनमित्र’ही थांबला. शिकून शहराकडे धावणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना त्यांचे जीवन एकच प्रश्न विचारते: ज्या मातीने तुम्हांला शिकविले, तिच्यासाठी तुमची लेखणी कधी झिजणार? आपापल्या गावी परतताना या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने मनाशी शोधावे.