ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

आमच्या सरदारपुराकडे माळव्यात काय किंवा दक्षिण महाराष्ट्रात काय, जत्रेतील मातीची कुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांस तिचे दोन विशेष ठाऊक असतील. पूर्वापार या कुस्तीत वजनकाटा नसे. पंच दोन पोरांना शेजारी उभे करीत, त्यांचे खांदे व मांड्या नजरेने जोखीत आणि जोड लावीत. घड्याळालाही तेथे फारशी किंमत नसे. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालावयाची. मग तीस पाच मिनिटे लागोत वा तास लागो. ऑलिंपिकमधील कुस्ती याच्या अगदी उलट. तेथे मातीच्या जागी गादी येते, नजरेच्या जागी काटा येतो आणि पंचांच्या मर्जीच्या जागी वेळापत्रक येते. अमेरिकेतील मोटारींच्या शर्यतींत जसे इंजिनाच्या आकारमानावरून मोटारींचे वर्ग पाडतात व ते वर्ग मधूनमधून बदलतात, तसेच मल्लांचे वर्ग वजनावरून पाडले जातात, आणि तेही कायमचे नसतात. वर्ग बदलला की मल्लापुढचे प्रतिस्पर्धी बदलतात. वेळापत्रकाने घात केला तर कमावलेली ताकदही कामास येत नाही. या दोहोंचा अनुभव ज्यांनी पुरेपूर घेतला त्या खाशाबा जाधव यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांस आखाड्यात उतरविले. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी या शाळकरी मुलाचाही हात होता.

हायस्कूल संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी पोसलेली मल्लांची नगरी. अशा नगरीत अंगाने लहानखुऱ्या खाशाबांकडे पाहून कोणास मोठी आशा वाटावी? महाविद्यालयाच्या स्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास क्रीडाशिक्षक प्रथम राजी नव्हते, असे सांगतात. प्राचार्यांनी परवानगी दिली तेव्हा कोठे ते आखाड्यात उतरले आणि आपल्याहून धिप्पाड गडी त्यांनी लोळविले. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्यास फेकण्याचा ढाक हा डाव त्यांच्या विशेष आवडीचा होता. बाबुराव बलवडे व बेलापुरी गुरुजी यांच्यापाशी त्यांनी ही विद्या कमावली.

येथे थोडे विषयांतर करून वर्गांची हकीगत सांगणे आवश्यक आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मुक्त कुस्तीचा सर्वांत हलका वर्ग ५६ किलोंचा होता. पुढे महायुद्धामुळे १९४० व १९४४ चे सामने झालेच नाहीत. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक पुन्हा भरले तेव्हा वर्ग नव्याने आखले गेले. ५२ किलोंचा एक नवा वर्ग सुरू झाला, ५६ चा ५७ झाला, आणि एकूण वर्ग आठ झाले. खाशाबांसारख्या हलक्या मल्लास या नव्या वर्गाने दार उघडून दिले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च दिला आणि खाशाबा लंडनला गेले.

पण गादीवरची कुस्ती त्यांनी तोवर केलीच नव्हती! लाल मातीत पाय रुततात, घाम मातीत जिरतो, पकड घट्ट बसते. गादीवर हे सारेच निराळे. नियमही अनोळखी. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकांनी त्यांस तेथे मार्गदर्शन केले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविले, इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे चालले नाही. अखेर त्यांस सहावा क्रमांक मिळाला. मातीतून थेट गादीवर गेलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाने मिळविलेला हा क्रमांक आम्हांस पुढील पदकाहून फारसा कमी वाटत नाही.

त्यानंतरची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. हेलसिंकीसाठी निवड होण्याची वेळ आली तेव्हा एका लढतीत गुण देताना आपणांवर अन्याय झाला असे त्यांस वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत ठरली आणि ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळविली. या वेळी ते ५७ किलोंच्या वर्गात उतरणार होते. पाच किलोंचा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु त्या पाच किलोंनिशी सारेच प्रतिस्पर्धी बदलतात, अधिक बळकट होतात. काटा किती कठोर असतो हे आमच्या वाचकांनी अलीकडेच पाहिले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट या ५० किलोंच्या वर्गात अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, आणि केवळ शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे बाद ठरल्या.

निवड झाली तरी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरलाच. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. पण ती पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याने परदेशी जाऊन कुस्ती खेळावी म्हणून राहते घर गहाण टाकणारा गुरू! आमच्या मते खाशाबांच्या पदकात या घराचाही वाटा आहे.

हेलसिंकीच्या सामन्यांची रीत नीट समजून घेतली तरच पुढील प्रसंग ध्यानात येईल. त्या काळी मल्लाच्या नावे दोषगुण चढत. प्रतिस्पर्ध्यास चीत करून जिंकले तर शून्य, गुणांवर जिंकले तर एक दोषगुण. हरणाऱ्यास तीन, मात्र तीन पंचांपैकी एकाचे मत त्याच्या बाजूने पडले असेल तर दोनच. ही सवलत १९५२ सालीच नव्याने आली होती. पाच दोषगुण झाले की मल्ल बाद. असे गळत गळत तिघे उरले म्हणजे त्यांच्या आपसांतील लढतींवरून तिन्ही पदके ठरत.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस एकामागून एक नमविले आणि ते त्या अखेरच्या तिघांत जाऊन बसले. उरलेले दोघे म्हणजे जपानचे शोहाची इशी व सोव्हिएट रशियाचे रशीद ममदबेयोव्ह. इशींशी लढत चांगली लांबली, सुमारे पंधरा मिनिटे चालली, आणि खाशाबा अगदी थोडक्यात हरले. अंगातील सारे बळ तेथे खर्ची पडले होते. इतक्यात ममदबेयोव्ह यांच्याशी लढण्यासाठी पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. परंतु तो नियम पुढे करून हक्क मागावयास एकही भारतीय अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता. खाशाबा एकटे, आजूबाजूस परकी भाषा. दमलेल्या अंगाने ते गादीवर चढले आणि हरले.

विश्रांती मिळती तर निकाल निश्चित फिरला असता, असे आम्ही म्हणणार नाही. ममदबेयोव्ह कसलेले मल्ल होते, आणि इशींनी तर सुवर्णपदकच नेले. पण जी अर्धी घटका त्यांच्या हक्काची होती ती त्यांस मिळाली नाही, आणि ती मागावयास सोबत कोणी नव्हते, ही गोष्ट आजही मनाला लागते. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांस कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत ६२ किलोंच्या वर्गात केशव माणगावे यांचा चौथा क्रमांक आला, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशाचे लक्ष साहजिकच तिकडे वळले.

कराडकरांचे लक्ष मात्र कोठेही वळले नव्हते. खाशाबा परतले तेव्हा स्टेशनापासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक ढोलताशांच्या गजरात निघाली. सत्कार आटोपल्यावर त्यांनी काय करावे? कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडविले.

१९५५ साली ते मुंबई राज्याच्या पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपली. सत्तावीस वर्षे त्यांनी पोलिसांत चाकरी केली आणि सहाय्यक आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले; परंतु निवृत्तिवेतनासाठीही त्यांस झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या आखाड्यास त्यांचे नाव देण्यात आले, त्यास २०१० साल उजाडावे लागले.

त्यांच्यामागून दुसऱ्या भारतीयाने वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले ते १९९६ साली, टेनिसमध्ये. कुस्तीत तर २००८ पर्यंत वाट पाहावी लागली. दरम्यान वर्ग कितीदा तरी बदलले, घटले, वाढले. ५२ किलोंचा तो वर्ग आता ऑलिंपिकमध्ये उरलेला नाही. ५७ किलोंचा मात्र आहे, आणि २०२४ साली पॅरिसला त्याच वर्गात अमन सेहरावत या एकवीस वर्षांच्या मल्लाने भारतासाठी कांस्यपदक जिंकले.