दिवाणाची नोकरी गेली आणि या माणसाने थेट लंडनमध्ये भारतीय पोरांसाठी वसतिगृह काढलं

वर्सोव्यात भाड्याने खोली शोधलेल्या कुणालाही विचारा. यारी रोड असो की सात बंगला, खिशात डिपॉझिट असलं तरी काम होईलच असं नाही. बॅचलर नको, फिल्म लाइनचा नको, मटण-मासे खाणारा नको. नव्या शहरात आलेल्या पोराची पहिली लढाई नोकरीची नसते, ती डोक्यावरच्या छपराची असते.

आता हीच गोष्ट सव्वाशे वर्षं मागे नेऊन बघा. शहर लंडन, घरमालक इंग्रज आणि खोली मागणारा पोरगा भारतीय. शिकायला गेलेल्या कित्येकांना तिथे रंगावरून वेगळी वागणूक मिळायची. यावर एका माणसाने स्वतःच्या पैशाने उपाय काढला. पुढे तो उपाय इंग्रज सरकारची डोकेदुखी झाला.

त्या माणसाचं नाव श्यामजी कृष्ण वर्मा.

४ ऑक्टोबर १८५७ रोजी कच्छमधल्या मांडवीत त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील मुंबईत कापसाच्या धंद्यात नोकरीला होते. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. पोरगा हुशार होता म्हणून शिक्षणासाठी मुंबईत आला. आधी विल्सन हायस्कूल, मग एल्फिन्स्टन. इंग्रजीच्या जोडीला संस्कृतही पाठशाळेत बसून पक्कं केलं. १८७५ मध्ये मुंबईतले श्रीमंत व्यापारी छबिलदास लल्लूभाई यांची मुलगी भानुमती यांच्याशी लग्न झालं.

त्याच काळात स्वामी दयानंद सरस्वतींची भेट झाली. श्यामजी गावोगावी संस्कृतमध्ये व्याख्यानं देऊ लागले. १८७७ मध्ये काशीच्या पंडितांनी त्यांना पंडित ही पदवी दिली. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

त्यांच्या संस्कृतची कीर्ती ऑक्सफर्डचे प्राध्यापक मोनियर विल्यम्स यांच्यापर्यंत पोहोचली. १८७९ मध्ये श्यामजी त्यांचे सहायक म्हणून इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात शिकले, १८८३ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर इनर टेंपलमधून बॅरिस्टर.

भारतात परतल्यावर गाडी सुसाट सुटली. रतलाम संस्थानचे दिवाण, अजमेरला वकिली, उदयपूर दरबारात मोठं पद, मग जुनागढची दिवाणगिरी. कापसाच्या कारखान्यांत पैसे गुंतवले, त्यातून भरपूर कमावलं.

पण जुनागढमध्ये माशी शिंकली. ओळखीच्याच एका इंग्रज अधिकाऱ्याशी वाद झाला आणि दिवाणपद गेलं. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांचा जो विश्वास होता, त्याला इथे तडा गेला. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा वध झाला, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. त्याच वर्षी श्यामजींनी भारत सोडला आणि लंडन गाठलं. ते पुन्हा कधीच मायदेशी परतले नाहीत.

लंडनमध्ये आरामात बसून खाता येईल एवढा पैसा गाठीला होता. पण त्यांच्यावर हर्बर्ट स्पेन्सर या विचारवंताचा मोठा प्रभाव होता. आक्रमणाचा प्रतिकार करणं हे कर्तव्यच आहे, हा स्पेन्सरचा विचार त्यांनी मनावर घेतला होता. १९०४ मध्ये त्यांनी भारतीय पदवीधरांसाठी प्रत्येकी २,००० रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट एकच होती, शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिस्ट हे मासिक सुरू केलं, फेब्रुवारीत इंडियन होमरूल सोसायटी काढली.

पण पोरं राहणार कुठे? त्यासाठी त्यांनी हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे घर घेतलं. सुमारे २५ विद्यार्थी राहतील अशी सोय केली. सोबत वाचनालय आणि व्याख्यानांसाठी जागा. नाव ठेवलं इंडिया हाऊस. १ जुलै १९०५ रोजी इंग्रज समाजवादी नेते हिंडमन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दादाभाई नौरोजी, लाला लजपत राय आणि मादाम कामा हजर होते.

म्हटलं तर हे एक साधं वसतिगृह होतं. पण घरापासून हजारो मैल लांब असलेली पोरं एका छताखाली आली की नुसता अभ्यास होत नाही. जेवताना वाद होतात, रविवारी सभा भरतात. १९०६ मध्ये टिळकांच्या शिफारशीवर शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर इथे राहायला आले. सेनापती बापटही याच घराशी जोडले गेले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधीजीही इथे येऊन श्यामजींना भेटले.

साहजिकच सरकारचे गुप्तहेर घराभोवती घिरट्या घालू लागले. अटकेची शक्यता दिसताच १९०७ मध्ये श्यामजी पॅरिसला गेले. इंडिया हाऊसची सूत्रं सावरकरांकडे आली.

उद्घाटनाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, १ जुलै १९०९ रोजी, इंडिया हाऊसमध्ये ऊठबस असलेल्या मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. १७ ऑगस्टला धिंग्रांना फाशी झाली आणि इंडिया हाऊसचा कारभार गुंडाळला गेला.

त्याआधीच एप्रिलमध्ये इनर टेंपलने श्यामजींचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं होतं. त्यांचं मासिक छापणाऱ्या दोन इंग्रज मुद्रकांना तुरुंगात जावं लागलं. श्यामजी स्वतः मात्र पॅरिसमध्ये सुरक्षित होते. दुसरे भोगतायत आणि हे लांब बसलेत, अशी टीका त्यांच्यावर झाली. पॅरिसमधल्या सहकाऱ्यांशीही त्यांचं बिनसलं.

१९१४ मध्ये ते जिनिव्हाला गेले. शेवटची वर्षं बरीचशी एकाकी गेली. ३० मार्च १९३० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. तीन वर्षांनी भानुमतीही गेल्या. आपल्या अस्थी जपून ठेवाव्यात आणि देश स्वतंत्र झाल्यावर तिकडे न्याव्यात, यासाठी श्यामजींनी पैसे भरून व्यवस्था करून ठेवली होती.

देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. अस्थी मात्र भारतात आल्या ऑगस्ट २००३ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी. इनर टेंपलने त्यांचं नाव पुन्हा यादीत घेतलं ते २०१५ मध्ये. मांडवीत त्यांच्या स्मारकात इंडिया हाऊसची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे.

आणि हायगेटचं मूळ घर? ते आजही आहे. त्याच्यावर निळी पाटीही आहे, पण ती तिथे राहिलेल्या सावरकरांच्या नावाची. घर मिळवून देणारा माणूस मागेच राहिला.