कविवर पं. बनारसीदास : दुबळ्या श्रावकाला शास्त्राचा आधार

शास्त्र हाती घ्यावे, तर आपले आचरण त्या योग्यतेचे नाही. आणि घरच्या विवंचनांतून मनही स्थिर होत नाही, असा संकोच अनेक श्रावक-श्राविकांच्या मनात असतो. त्यांनी कविवर पं. बनारसीदासांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

विक्रम संवत १६४३ मध्ये जौनपूर येथे एका श्रीमाळ जवाहिऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव खरगसेन. बालपणीच विवाह झाला. वधू घरी आली त्याच दिवशी घरात कन्या जन्मली आणि आजीचे निधनही झाले. हर्ष आणि शोक एकाच छताखाली नांदतात, हा धडा त्यांना असा लवकर मिळाला.

तारुण्यात मात्र ते विषयासक्तीत वाहवले. शृंगाररसाने भरलेले एक काव्यही त्यांनी रचले. इ. स. १६०५ मध्ये बादशहा अकबराच्या मृत्यूची वार्ता ऐकून ते जिन्यावरून कोसळले व मस्तकास जखम झाली. पुढे विवेक जागा झाला आणि ते काव्य त्यांनी गोमती नदीत विसर्जित केले. आग्र्यातील व्यापारात तोटा आला, तेव्हा एका कचोरीवाल्याच्या उधारीवर त्यांनी कित्येक महिने काढले. पत्नीने जपून ठेवलेले वीस रुपये संकटकाळी त्यांच्या हाती दिले.

संवत १६८० मध्ये आचार्य कुंदकुंदांचा ‘समयसार’ पांडे राजमल्लांच्या टीकेसह त्यांच्या हाती आला. आत्मा स्वभावतः शुद्ध आहे, हे वाचून ते भारावले. परंतु निश्चयनयाचा अर्थ त्यांनी एकांगी घेतला. पूजा, सामायिक, प्रतिक्रमण सारे सुटले. चार मित्र कोठडीत नग्न होऊन मुनिपणाचा खेळ करू लागले. लोकनिंदा झाली. शिखराचे वर्णन वाचले होते; वाट मात्र पायाखाली नव्हती.

बारा वर्षे अशी गेली. संवत १६९२ मध्ये पं. रूपचंद आग्र्यास आले. त्यांनी ‘गोम्मटसार’ ग्रंथाचे वाचन केले आणि चौदा गुणस्थानांचे स्वरूप उलगडून सांगितले. कोणत्या पायरीवरील जीवास कोणते आचरण शोभते, हे बनारसीदासांना उमगले. चौथ्या गुणस्थानी व्रते नसतात, तरीही सम्यक् श्रद्धा असू शकते. म्हणजे दुर्बल गृहस्थासही या जिन्यावर स्थान आहे. मात्र वरच्या पायरीचे सोंग आणण्याची त्याला मुभा नाही. निश्चय आणि व्यवहार यांचा मेळ स्याद्वादाने घातला आणि त्यांचे मन स्थिरावले.

पुढच्याच वर्षी, संवत १६९३ मध्ये, त्यांनी ‘नाटक समयसार’ पूर्ण केला. त्याच्या अखेरीस चौदा गुणस्थानांचा अधिकार त्यांनी स्वतः जोडला. ज्या पायऱ्यांनी आपल्याला सावरले, त्या त्यांनी वाचकांसाठीही ठेवल्या.

तथापि शास्त्रज्ञानाने त्यांचा संसार निर्विघ्न झाला नाही. संवत १६९८ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात तीन विवाह आणि नऊ अपत्यांचे मृत्यू यांची नोंद आहे; घरात केवळ पती-पत्नी उरली होती. गुणांबरोबर स्वतःचे दोषही त्यांनी मोजले आणि धनाचा लोभ अद्याप सुटलेला नाही, हेही मान्य केले. समयसाराच्या मर्मज्ञाने अशी कबुली द्यावी, यातच त्यांच्या स्वाध्यायाचे फळ दिसते. स्वतःचा दोष पाहूनही आता ते खचत नव्हते, आणि तो झाकतही नव्हते.

हे आत्मचरित्र पं. नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून संपादित करून प्रकाशित केले.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपण एवढेच लक्षात ठेवू या. घरची चिंता मिटल्यावर व दोष गेल्यावर शास्त्र उघडू, असे म्हणणाऱ्यास ती वेळ क्वचितच लाभते. बनारसीदासांनी चिंता आणि दोष यांसहच ग्रंथ उघडला. एकदा चुकले, तरी तो मिटला नाही. आपणही आपल्या पायरीवरून आरंभ करावा.