यंत्राच्या आतली मुलगी

निवृत्तीनंतर बँकेच्या जुन्या टेबलापाशी जाऊन बसावे, असे मला कधीच वाटले नाही. इशिरो होंडा मात्र परतले. युद्धात चीनला धाडलेला हा जपानी दिग्दर्शक १९४६ मध्ये घरी येताना बेचिराख हिरोशिमातून गेला होता. १९५४ च्या त्यांच्या ‘गोडझिला’त तेच भय आहे.

पुढे काही वर्षे दूरचित्रवाणीत काढून १९७५ मध्ये, ६३ व्या वर्षी, ते त्याच राक्षसाकडे वळले. समोर यंत्रराक्षस मेकागोडझिला! बाळगोपाळांना हवी ती मारामारी त्यांनी दिलीच. पण युकिको ताकायामा या लेखिकेच्या पटकथेत यंत्राचा ताबा कात्सुरा या मुलीच्या देहात होता. होंडांनी तिचे दुःख घाईने उरकले नाही. यंत्र थांबावे म्हणून ती स्वतःवरच गोळी झाडते. नातवंडे गप्प होतात ती इथेच.

नंतर त्यांनी स्वतःचा चित्रपट केला नाही. जुने मित्र अकिरा कुरोसावा यांच्या चित्रपटांना ते हातभार लावत राहिले, १९९३ मध्ये जाईपर्यंत.