रूडोल्फ फिरखो

रूडोल्फ लूटव्हिख कार्ल फिरखो (१३ ऑक्टोबर १८२१ – ५ सप्टेंबर १९०२) हे जर्मन वैद्य, विकृतिशास्त्रज्ञ आणि राजकारणी होते. ल्युकेमिया या रोगाला त्यांनी नाव दिले. रोगाचे मूळ पेशींमध्ये शोधण्याची पद्धत त्यांनी रूढ केली.

जीवन

फिरखो यांचा जन्म पोमेरेनियातील शीफेलबाइन (आताचे पोलंडमधील श्विड्विन) येथे झाला. बर्लिनमध्ये १८४३ साली वैद्यकाची पदवी घेऊन ते तेथील शारिटे रुग्णालयात काम करू लागले. १८४८ मध्ये सरकारने त्यांना अप्पर सायलेशियातील प्रलापक सन्निपात ज्वराच्या (टायफस) साथीची पाहणी करण्यास पाठविले. साथीचे कारण दारिद्र्य, अज्ञान आणि शासनाची अनास्था हे आहे, असा अहवाल त्यांनी दिला. त्याच वर्षीच्या क्रांतीत त्यांनी भाग घेतला. परिणामी १८४९ मध्ये त्यांना शारिटेतील पद गमवावे लागले व ते व्ह्यूर्ट्सबुर्क विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५६ मध्ये ते बर्लिनला परतले.

ल्युकेमियाविषयक संशोधन

१८४५ मध्ये त्यांनी सुमारे ५० वर्षे वयाच्या एका स्वयंपाकिणीच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिची प्लीहा फार वाढलेली होती आणि रक्तात पांढऱ्या पेशींचे प्रमाण विलक्षण होते. काही आठवडे आधी एडिनबरा येथील जॉन ह्यूझ बेनेट यांनी अशाच रुग्णाचे वर्णन करून रक्तात पू झाल्याचे अनुमान काढले होते. फिरखो यांनी मात्र हा पू नसून रक्तपेशींचाच विकार आहे, असे मत मांडले. १८४७ मध्ये त्यांनी त्याला ‘पांढरे रक्त’ या अर्थाचे ल्युकेमिया हे नाव दिले. पुढे प्लीहेशी आणि लसीका ग्रंथींशी निगडित असे त्याचे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले.

पशुवैद्यकाशी संबंध

माणसांचे व प्राण्यांचे वैद्यक वेगळे मानू नये, असा त्यांचा आग्रह होता. प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या रोगांसाठी ‘झूनोसिस’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. डुकराच्या मांसातील ट्रिकिनेला कृमीचा अभ्यास करून त्यांनी मांसतपासणीचा पुरस्कार केला. १९६४ मध्ये ग्लासगो येथे विल्यम जॅरेट व सहकाऱ्यांनी मांजरांतील ल्युकेमियाचा विषाणू शोधला. वृद्ध मांजरात हा रोग विषाणूविनाही आढळतो. म्हणून विषाणूची चाचणी नकारात्मक आली तरी रक्त व अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

मर्यादा आणि मृत्यू

प्रसूतिज्वराविषयीचे इग्नाझ सेमेलवाइस यांचे विचार त्यांनी स्वीकारले नाहीत. जंतूंमुळे रोग होतात या सिद्धांताविषयीही ते साशंक राहिले. जानेवारी १९०२ मध्ये ट्रॅममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत आणि त्याच वर्षी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.