धाकावाचून धर्म सांगणारे टिळक

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे बैठकीत ठरले. कुणी जिजामाता घेतल्या, कुणी सावित्रीबाई, कुणी अहिल्याबाई. मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव सांगितले तेव्हा दोघीतिघींनी माझ्या तोंडाकडेच पाहिले. माळकऱ्याच्या घरातली सून, आणि चरित्र कुणाचे, तर ख्रिस्ती पाद्र्याचे! म्हणून आधी कारण सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा उणेअधिक सांभाळून घ्यावे.

तीन वर्षांमागे माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणत असू. दुखणे शेवटचे होते हे त्यांनाही कळले होते. एके दिवशी संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला एक गृहस्थ आले. जाता जाता आत्तींच्या हातात एक कागद देऊन म्हणाले की, मरणाआधी प्रभूला शरण गेला नाहीत तर कधी न विझणाऱ्या आगीत जाल. माणूस वाईट नव्हता. त्याला ते मनापासून खरे वाटत होते. पण त्या रात्री आत्तींचा डोळ्याला डोळा लागला नाही. पन्नास वर्षे गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवली नाही, आणि पहाटे मला विचारतात की, अगं, ते म्हणतात ते खरे असेल का? मला उत्तर देता आले नाही. माझा नुसता संताप झाला.

पण त्याच वॉर्डात एक सिस्टर होत्या, त्याही ख्रिस्तीच. त्या रोज आत्तींची वेणी घालीत, पाठीला पावडर लावीत, धर्माचे अवाक्षर काढीत नसत. आत्तींनीच एकदा त्यांना त्यांच्या देवाविषयी विचारले आणि दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. मी पुढे या सिस्टरांना त्या कागदाबद्दल विचारले. त्या फार कष्टी झाल्या. मग त्यांनीच मला लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिले. त्यातून मला टिळक भेटले.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, फार तापट. आई जानकीबाई प्रेमळ, देवभक्त, कवितेची आवड असलेली. ती मुलाच्या लहानपणीच गेली. वडिलांच्या धाकात मन रमेना म्हणून पोर घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेल्यांजवळ संस्कृत शिकले. धाक म्हणजे काय हे टिळकांना लहानपणीच कळले होते, एवढे ध्यानात ठेवा.

1880 च्या सुमारास त्यांचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाले. त्याच लक्ष्मीबाई. त्यांच्या माहेरी वेगळाच धाक होता, सोवळ्याचा. आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली, त्याचा धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाला असा बसला की पुढे सगळा जन्म विटाळाच्या भयात गेला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्या घरातल्या बायकांचे किती हाल झाले असतील, याचा अंदाज पाणी शेंदणाऱ्या बाईलाच येईल!

टिळक नागपूरला असताना बुटींच्या पदरी ग्रंथांचे काम करीत होते. तेथून 1893 च्या सुमारास आगगाडीने राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. हे नेटिव, तो साहेब. पण त्याने सरकून यांना जागा दिली, संस्कृत कवितेविषयी गोष्टी काढल्या, आदराने बोलला. धर्माचे बोलणे निघाले तेव्हाही त्याने यांच्या देवांची निंदा केली नाही की आगीची भीती घातली नाही. नवा करार हातात दिला, वाचायचे वचन घेतले, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून उतरून गेला. 

टिळकांनी दिलेले वचन पाळायचे म्हणून पुस्तक उघडले. येशूचे डोंगरावरील प्रवचन आले आणि ते तेथेच अडकले. शत्रूवरही प्रीती करा, दीन ते धन्य, या शिकवणीने त्यांना ओढून घेतले. मला येथे थांबावेसे वाटते. त्याच पुस्तकात नरकाचाही उल्लेख आहे, हे मला सिस्टरांनी प्रामाणिकपणे दाखवले; त्याच प्रवचनातसुद्धा आहे. पण ज्याने टिळकांचे मन जिंकले ते प्रीतीचे वचन होते. ज्या माणसाने वडिलांच्या रागापायी घर सोडले, तो आणखी एका रागीट बापाकडे कशाला जाईल?

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तोही आपल्या देशी उपदेशकाच्या हातून. लक्ष्मीबाईंना त्याची कल्पना नव्हती. हे मात्र मला पटत नाही, स्पष्टच सांगते. थोर माणूस झाला म्हणून काय झाले! बायकोच्या पदरात चार वर्षांचा दत्तू, आणि बातमी कानावर येते ती लोकांकडून. त्या माउलीने अंथरूण धरले. पुढची चार-पाच वर्षे त्या माहेरच्या माणसांत, बराच काळ पंढरपुरात राहिल्या. टिळक पत्रे लिहीत, कविता पाठवीत. तापट तेही होतेच. वडिलांचा तो गुण त्यांच्यातही उतरला होता. घरातले धान्य, पैसा उचलून कुणालाही द्यायचे आणि संसार बायकोने ओढायचा! परंतु बायकोला त्यांनी धर्माच्या बाबतीत ओढले नाही. लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ येऊन राहिल्या त्या आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन धर्म नांदले. पुढे जात देवाने केली की माणसांनी, याचा विचार त्या स्वतःच करू लागल्या आणि देवाने नव्हे, असे त्यांचे मन सांगू लागले. मग एक दिवस विटाळाची भीती गळून पडली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बापाच्या घरचे भय सोडून त्या निघाल्या होत्या. वाटेत दुसरे भय पुढे केले असते तर त्या कधीच आल्या नसत्या, असे मला वाटते.

टिळकांनी ख्रिस्ती मंडळींत अभंग, ओव्या, भजन, कीर्तन आणले. परदेशी चालींवरची गाणी म्हणून आपल्या माणसाचे काळीज हलत नाही हे त्यांनी ओळखले. येशूला ते आई म्हणत, गुरू म्हणत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. आमच्या वारकऱ्यांना विठ्ठल विठाई होतो, तसेच हे. त्यांची कितीतरी गीते मराठी ख्रिस्ती लोक आजही प्रार्थनेत गातात. 1912 पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. शाळेत त्यांची फुलामुलांची कविता आपण सगळ्याच शिकलो. तो कवी ख्रिस्ती होता हे आम्हाला कुणी सांगितल्याचे आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे नावाच्या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळक पतिपत्नींनी त्याला नगरला आपल्या घरी नेऊन मुलासारखे सांभाळले. बालकवी त्या घरात जेवले, रुसले, कविता लिहिल्या. पण ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यापायी त्या घराची माया कमी झाली नाही. 1918 साली रेल्वेच्या अपघातात ते गेले. आता विचार करा, पोटच्या पोरासारखे ज्याला वाढवले तो आगीत जाणार असे ज्याला वाटते, तो माणूस त्या मुलाला पोटभर जेवू घालून नुसत्या कविता ऐकत बसेल का?

यावर एक भगिनी मला म्हणाली की, विहिरीकडे धावणाऱ्या लेकराला आई ओरडतेच, तसेच ते भले लोक सावध करीत असतील. म्हणणे खोटे नाही. परंतु विहीर लेकराला दिसते, आणि ओरडणारी आई त्याला रोज कुशीत घेते. वाटेने जाणाऱ्या परक्याने ओरडावे आणि निघून जावे, याने लेकरू नुसते दचकते. आपणही काही सोवळे नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी भिंतीवर यमपुरीचे चित्र होते. खोटे बोललीस तर कढईत तळतील, असे आजी त्यावर बोट ठेवून सांगे. मी खोटे बोलायची थांबले नाही, अंधारात परसदारी जायची तेवढी थांबले.

1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यासी वृत्तीने आपल्या साताऱ्यास येऊन राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ज्याला येशूची आवड तो यावा, एवढीच अट. हे त्यांच्या काही ख्रिस्ती स्नेह्यांनाही रुचले नसेल. दरबार फार चालला नाही, कारण आयुष्यच उरले नव्हते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र अर्धवट राहिले होते. त्याचे पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेची पायरी न चढलेली बाई! 1934 पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली आणि 1936 साली त्या गेल्या.

आत्ती गेल्या त्याच्या आदल्या दिवशी शांत होत्या. सिस्टरांनी त्यांची वेणी घातली, मी हरिपाठ म्हटला, सिस्टर शेवटपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. नंतर घरी गरुडपुराण लावायचे की नाही यावर चर्चा झाली. मी नको म्हटले. दीर रागावले, पण यजमान माझ्या बाजूने बोलले, आणि आम्ही ज्ञानेश्वरी लावली.

सिस्टरांची प्रत मी परत केली. मंडळाच्या कपाटात आता ‘स्मृतिचित्रे’ची आपली एक प्रत आहे. पुस्तक जाडजूड आहे, पण कंटाळा येत नाही, हसूही पुष्कळ येते. जिला हवे तिने वहीत नाव लिहून न्यावे, आणि पंधरा दिवसांत परत करावे, कारण माझ्यामागे चौघींचे नंबर लागलेले आहेत.